स्वस्ताईचं बिल कुणाच्या नावावर?

२०२३ च्या जानेवारीत फिलिपिन्सची राजधानी मनिला इथे कांदा किलोला सहाशे पेसोंच्या वर गेला. आपल्या हिशेबात जवळपास नऊशे रुपये. कांदा मांसापेक्षा महाग झाला होता. त्या शहरात तेव्हा दिवसाची किमान मजुरी ५७० पेसो होती, म्हणजे दिवसभर राबून किलोभर कांदाही हाती लागत नव्हता. आखाती देशांतून परतणाऱ्या विमान कर्मचाऱ्यांच्या बॅगांमधून कस्टमवाल्यांनी सोनं जप्त करावं तसे कांदे जप्त केले.

पुढच्याच महिन्यात बार्शी तालुक्यातला एक शेतकरी दहा गोण्या, म्हणजे ५१२ किलो कांदा घेऊन सोलापूरच्या बाजार समितीत गेला. भाव लागला किलोला एक रुपया. गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाता पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या पावतीवर, उरले २ रुपये ४९ पैसे. व्यापाऱ्याने दोन रुपयांचा चेक दिला, तोही पुढच्या तारखेचा. त्या चेकचा फोटो तेव्हा महाराष्ट्रभर फिरला. लोक हळहळले, सरकारला चार शिव्या घातल्या आणि संध्याकाळी दहा-पंधरा रुपये किलोने कांदा घेऊन घरी गेले.

त्या दिवसांत भारतातून कांद्याच्या निर्यातीला बंदी नव्हती. फिलिपिन्सने मात्र आयात परवान्यांच्या कुलपात ठेवली होती. भाव आभाळाला भिडल्यावर २१,०६० टन आयातीला मंजुरी मिळाली, आणि तीही तिथला नवा कांदा काढणीला आला तेव्हा. म्हणजे आधी गिऱ्हाईक भरडलं गेलं, मग तिथला शेतकरी ओरडला. एकाच पिकाचा भाव एका ठिकाणी नऊशे आणि दुसऱ्या ठिकाणी एक रुपया असण्यात ना मातीचा दोष, ना पावसाचा. पेसो आणि रुपयाच्या विनिमय दराचा तर अजिबातच नाही.

देशोदेशीच्या किराण्याची तुलना आपण ज्या पद्धतीने करतो, त्या पद्धतीत ही गोष्ट कुठेच बसत नाही. आपण लेबलावरची रक्कम रुपयांत करतो आणि ‘तिकडे महाग, इकडे स्वस्त’ म्हणून मोकळे होतो. माझं म्हणणं असं की हा प्रश्नच अर्धवट आहे. एखाद्या देशात किराणा स्वस्त आहे असं कुणी म्हटलं की पुढचा प्रश्न लगेच विचारायला हवा: तो स्वस्त ठेवायला पैसे कोण भरतंय? कारण कुणी ना कुणी भरतच असतं. आपल्याकडे तो भार बराचसा शेतकऱ्यावर आहे. आणि भार कुणी उचलायचा हे आपण कधी उघडपणे ठरवलेलंही नाही. ते ठरतं रात्री उशिरा निघणाऱ्या अधिसूचनेत.

आधी तो गुणाकार निकालात काढू. परदेशातल्या मराठी मंडळींच्या व्हिडिओंमध्ये एक प्रसंग ठरलेला असतो. ट्रॉली ढकलत भेंडीपाशी यायचं, लेबल कॅमेऱ्यासमोर धरायचं, मनातल्या मनात हिशेब करायचा आणि डोळे विस्फारायचे: ‘बघा, आठशे रुपये किलो!’ खाली प्रतिक्रिया दोन प्रकारच्या. काही जण म्हणतात, आपला देशच बरा, दहा रुपयांना कोथिंबिरीची जुडी मिळते. बाकीचे विचारतात, भाऊ, पगार पण रुपयांत सांग ना. मला दुसऱ्या गटाचं अर्थशास्त्र पहिल्यापेक्षा पक्कं वाटतं.

अर्थतज्ज्ञांनी या गोंधळावर शंभर वर्षांपूर्वीच उतारा शोधला होता. गुस्ताव कॅसल या स्वीडिश अर्थतज्ज्ञाने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास क्रयशक्ती समतेची कल्पना मांडली: दोन चलनांचं नातं बाजारातल्या दरावरून न जोडता त्या चलनांत किती माल येतो त्यावरून जोडा. १९६८ पासून आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रम चालतो. आज तो जागतिक बँकेच्या आधाराने देशोदेशीच्या किमती गोळा करतो. त्यांच्या २०१७ च्या फेरीत बाजारात डॉलर ६५ रुपयांना होता, पण खरेदीच्या ताकदीत तो २० रुपये ६५ पैशांचा निघाला. ‘द इकॉनॉमिस्ट’ने १९८६ मध्ये हीच कल्पना थट्टेत मॅकडोनाल्ड्सच्या बिग मॅक बर्गरवर बेतली. भारतात तो गोमांसाचा बर्गर मिळत नाही म्हणून चिकनचा महाराजा मॅक धरावा लागतो, इथेच तिची मर्यादा कळते.

आता हा २० रुपये ६५ पैशांचा आकडा आपल्याकडे काही जण छातीठोकपणे वापरतात. म्हणतात, बघा, आपला माणूस दिसतो तेवढा गरीब नाही, त्याचा रुपया तिप्पट चालतो. इथे मेख आहे. हा दर सगळ्या अर्थव्यवस्थेचा आहे. त्यात केस कापणं, घरभाडं, शिकवणी, रिक्षा, मोलकरीण सगळं येतं. गरीब देशात स्वस्त असतात त्या मुख्यतः या सेवा, कारण त्या माणसाच्या मजुरीवर चालतात आणि माणसाची मजुरी इथे स्वस्त आहे. पुण्याचा न्हावी झुरिचमधल्या डोक्याचे केस इथे बसून कापू शकत नाही. तेल, डाळ, गहू, साखर मात्र बोटीत बसून समुद्र ओलांडतात आणि त्यांच्या किमती जगाच्या किमतींशी बांधलेल्या राहतात. २०२२ च्या एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात तीन-साडेतीन आठवडे बंद केली, तेव्हा आपल्या गल्लीतल्या भजीवाल्यालाही झळ बसली. आपण निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. म्हणून ज्याचा जवळजवळ निम्मा खर्च खाण्यावर होतो, त्याचा रुपया तिप्पट चालत नाही. तिप्पट चालतो तो मोलकरीण ठेवणाऱ्याचा.

मग मोजायचं कशात? मला विचाराल तर मिनिटांत. एखादी वस्तू विकत घ्यायला त्या देशातल्या सगळ्यात कमी मजुरीवरच्या माणसाला किती मिनिटं राबावं लागतं, एवढंच विचारा. चलन आपोआप गळून पडतं.

महाराष्ट्रात २०२५-२६ साठी रोजगार हमीचा दर होता दिवसाला ३१२ रुपये. आठ तास धरले तर ताशी ३९. अमेरिकेत केंद्र सरकारने ठरवलेलं किमान वेतन ताशी ७.२५ डॉलर आहे. २००९ पासून त्यात एका सेंटचीही वाढ नाही, आणि अनेक राज्यांत प्रत्यक्ष दर याहून बराच जास्त आहे. मुद्दाम तळाचा आकडा घेतो, म्हणजे अमेरिकेला झुकतं माप दिल्याचा आरोप नको. तिथे गॅलनभर, म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास दूध साधारण चार डॉलरला येतं. लिटर पडतं डॉलर आणि वर काही सेंट. रुपयांत केलं तर नव्वदीच्या घरात, आपल्या पिशवीतल्या पंचावन्न रुपयांच्या टोन्ड दुधापेक्षा कितीतरी महाग. आता मिनिटांत करा. तिथल्या तळाच्या मजुराला लिटरभर दुधासाठी नऊ मिनिटं पुरतात. आपल्या रोजगार हमीवरच्या बाईला पंच्याऐंशी मिनिटं खडी फोडावी लागते.

अंड्यांचं उदाहरण याहून बोलकं आहे. बर्ड फ्लूने अमेरिकेत कोंबड्या मेल्या आणि २०२५ च्या मार्चमध्ये डझनाची सरासरी किंमत ६.२३ डॉलरवर गेली. हा तिथला विक्रम. दुकानांत ‘एका गिऱ्हाइकाला एकच खोकं’ अशा पाट्या लागल्या, निवडणुकीच्या राजकारणात अंडी गाजली. त्या विक्रमी भावालाही तळाच्या मजुराचं डझनभर अंड्यांसाठीचं काम होतं बावन्न मिनिटांचं. आपल्याकडे सात रुपयांना एक अंडं धरलं, आणि हा भाव विक्रमी वगैरे काही नाही, तर डझनासाठी दोन तासांहून जास्त. अमेरिकेच्या संकटातलं अंडं आपल्या सुखाच्या दिवसातल्या अंड्यापेक्षा निम्म्याहून कमी महाग. हे कळल्यावर ‘आपल्याकडे अंडं किती स्वस्त’ हे वाक्य तोंडातून निघायला जड जातं.

एर्न्स्ट एंगल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये कुटुंबांच्या खर्चाच्या वह्या पाहून दाखवून दिलं होतं की घर जितकं गरीब, तितका त्याच्या खर्चातला अन्नाचा वाटा मोठा. आपल्याकडच्या २०२३-२४ च्या कुटुंब उपभोग खर्च सर्वेक्षणात ग्रामीण भागात हा वाटा ४७ टक्के आहे, शहरात जवळपास ४०. अमेरिकेत लोक हातातल्या उत्पन्नाच्या ११ टक्क्यांच्या आसपास अन्नावर घालवतात, आणि त्यातले निम्म्याहून अधिक बाहेर खाण्यावर. एक आकडा खर्चाचा आणि दुसरा उत्पन्नाचा, अशी हरकत काटेकोर वाचक घेईल आणि ती रास्त आहे. पण हिशेब कितीही घासूनपुसून घेतला तरी दरी बुजत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या अहवालात आणखी एक बरी पद्धत असते. प्रत्येक देशात पौष्टिक आहार कमीत कमी किती पैशांत बसतो ते काढायचं आणि तो किती लोकांना परवडत नाही ते पाहायचं. २०२४ च्या अहवालात भारतातले निम्म्याहून अधिक लोक न परवडणाऱ्यांत होते. पुढच्या वर्षी हिशेबाची रीत सुधारली आणि आकडा चाळीस टक्क्यांच्या घरात आला. रीत बदलल्याने कोट्यवधी माणसं एका रात्रीत पौष्टिक जेवू लागली असं कुणी समजू नये. पण चाळीस टक्के हाही ‘स्वस्त’ देशाला शोभणारा आकडा नाही.

टोपलीत काय धरलंय हाही प्रश्न आहेच. क्रिसिल ही पतमापन संस्था दर महिन्याला घरगुती थाळीची किंमत काढते: पोळी, भाजी, वरण, भात, दही, कोशिंबीर. गेल्या काही वर्षांत शाकाहारी थाळी पंचवीस ते पस्तीस रुपयांत फिरते आहे. गव्हाचे, कांदा-बटाटा-टोमॅटोचे, तेलाचे, गॅसचे भाव त्यात येतात. गहू निवडणारी, दळून आणणारी, कणीक मळणारी, पोळ्या लाटणारी आणि शेवटी पातेली घासणारी त्यात येत नाही. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यासाठीचा वेळ दिवसाला २८९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ८८. जर्मनीतल्या डबाबंद राजम्याची आपल्या कोरड्या राजम्याशी तुलना करताना रात्री भिजत घालणारे, सकाळी कुकर लावणारे हात आपण शून्य रुपयांना धरतो. स्वस्त थाळीच्या पैशांतला एक हप्ता इथे भरला जातो, रोज, बिनबोभाट.

शिवाय यादी देऊन महिन्याचा किराणा भरणारा आणि रोज संध्याकाळी हजेरी हातात पडल्यावर दुकानात जाणारा, दोघे एकाच भावाने घेत नाहीत. वस्तीतल्या दुकानात थोडा वेळ उभं राहून पाहावं. दहा रुपयांचं तेल, पाच रुपयांची चहापूड, पावशेर साखर, पाच रुपयांची हळद. प्रत्येक पुडीचा किलोमागे भाव काढला तर पाच लिटरचा कॅन घेणाऱ्यापेक्षा चढाच निघतो. (शाम्पूचं गणित उलटं आहे, पुडी बाटलीपेक्षा स्वस्त पडते. पण शाम्पू खाता येत नाही.) आणि हे दुकान बड्या सुपरमार्केटपेक्षा महाग असलं तरी तिथेच जावं लागतं, कारण वही तिथे आहे. उधारीवर आठवडाभर थांबणाऱ्या दुकानदाराची किंमत त्या पुडीत मिसळलेली असते. देशांची तुलना करणारी संकेतस्थळं जे भाव धरतात ते बहुतेक शहरातल्या, इंग्रजीतून भाव भरणाऱ्या, कार्डाने पैसे देणाऱ्या माणसाचे असतात. दहा रुपयांच्या तेलाचा भाव तिथे कोण भरणार?

तर पैसे कोण भरतंय, याकडे येऊ. जगात याची उत्तरं फार वेगवेगळी आहेत.

स्वित्झर्लंडमध्ये गिऱ्हाईक भरतं. तिथलं अन्न युरोपीय संघाच्या सरासरीच्या दीडपटीहून महाग आहे, कारण आयातीवर भिंती घालून शेतकऱ्याला भाव दिला जातो. वर सरकारचे थेट पैसेही असतात, आणि शेतकऱ्याच्या मिळकतीतला जवळपास निम्मा वाटा या ना त्या आधाराचा असतो. स्विस माणूस काय करतो? शनिवारी सीमा ओलांडून जर्मनीतल्या कॉन्स्टान्झला जातो आणि गाडी भरून आणतो. ते इतकं वाढलं की २०२५ च्या जानेवारीपासून करमाफीची मर्यादा माणशी ३०० फ्रँकवरून १५० वर आणावी लागली. महागाई परवडते, पण आवडत नाही.

इजिप्तमध्ये तिजोरी भरते. तिथली अनुदानित बलादी रोटी १९८८ पासून पाच पिआस्त्रला होती (शंभर पिआस्त्रांचा एक पौंड). एक रोटी करायला सवा पौंड, म्हणजे पंचवीसपट खर्च येतो असं सरकार सांगत होतं. भाव वाढवायची हिंमत कुणात नव्हती, कारण १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष सादात यांनी अनुदानाला हात लावला तेव्हा दंगली पेटल्या आणि निर्णय मागे घ्यावा लागला होता. मग भावाऐवजी रोटीच बारीक होत गेली. २०२० मध्ये ती ११० ग्रॅमवरून ९० ग्रॅमवर आली. आपल्या पाच रुपयांच्या बिस्किटपुड्याचा इतिहास ज्याला माहीत आहे त्याला यात नवल वाटणार नाही. अखेर २०२४ च्या जूनमध्ये रोटी वीस पिआस्त्रला झाली, तीही खर्चाच्या सहाव्या हिश्श्यालाच.

जपानचं प्रकरण सगळ्यात शिकण्यासारखं आहे. १९७० च्या सुमारास तिथे तांदूळ जास्त होऊ लागला, तेव्हा सरकारने शेतकऱ्यांना भात कमी लावण्यासाठी पैसे द्यायला सुरुवात केली. बाहेरचा तांदूळ येऊ नये म्हणून किलोला ३४१ येन शुल्क. २०१८ मध्ये लागवड आखडण्याचा कार्यक्रम कागदोपत्री संपला, सवय संपली नाही. शेतकऱ्याचं सरासरी वय सत्तरीला टेकलं. आणि २०२५ च्या मे महिन्यात पाच किलो तांदूळ ४,२०० येनांच्या वर गेला, वर्षभरापूर्वीच्या दुप्पट. आपल्या हिशेबात किलोला पाचशे रुपये. त्याच दिवसांत कृषिमंत्री ताकू एतो भाषणात बोलून गेले की मी कधी तांदूळ विकत घेतलेला नाही, समर्थकच इतका आणून देतात. दोन-तीन दिवसांत त्यांना घरी जावं लागलं. नवे मंत्री शिंजिरो कोइझुमी यांनी सरकारी साठ्यातला जुना तांदूळ पाच किलोला दोन हजार येनांच्या आसपास बाजारात आणला आणि त्यासाठी रांगा लागल्या.

जपानने केलं ते बरोबर होतं असं मी म्हणत नाही. पण तिथे भाव दुप्पट झाल्यावर सरकार साठ्याकडे वळलं, शेतकऱ्याच्या गळ्याकडे नाही.

अमेरिकेत आणि युरोपीय संघात करदाता भरतो. युरोपीय संघाच्या अंदाजपत्रकाचा जवळपास तिसरा हिस्सा शेती धोरणाला जातो. या पद्धतीतही अन्याय भरपूर आहेत. मोठ्या जमीनदाराला मोठा चेक मिळतो आणि तिथला अनुदानित माल आफ्रिकेतल्या शेतकऱ्याच्या पोटावर पाय देतो. तरी निदान हिशेब छापलेला असतो. कुणी किती भरले आणि कुणाला मिळाले, वाचता येतं.

आणि भारतात? ओईसीडी ही मुख्यतः श्रीमंत देशांची संघटना आणि दिल्लीतली इक्रिअर ही संशोधन संस्था यांनी २०१८ मध्ये आपल्या शेती धोरणाचा मोठा अभ्यास केला. खतांचं अनुदान, वीज, पाणी, हमीभाव सगळं जमेला धरून आणि निर्यातबंद्या, साठामर्यादा यांमुळे दबलेले भाव वजा करून त्यांनी काढलं की २०००-०१ ते २०१६-१७ या काळात भारतीय शेतकऱ्याच्या ढोबळ मिळकतीतून सरासरी १४ टक्के कापले गेले. स्विस शेतकऱ्याच्या पुढे अधिक, आपल्या शेतकऱ्याच्या पुढे वजा. ‘आमच्या पैशांवर शेतकरी पोसले जातात’ असं म्हणणाऱ्या शहरी माणसाने हा आकडा एकदा वाचावा. अनुदानाचं वाहणं दोन्ही दिशांनी आहे, आणि सोळा-सतरा वर्षांच्या सरासरीत ते शेतातून स्वयंपाकघराकडे होतं.

हे घडतं कसं ते कांद्यात सगळ्यात स्पष्ट दिसतं. बार्शीच्या त्या चेकनंतर सहा महिन्यांनी, १९ ऑगस्ट २०२३ ला, केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. उन्हाळ कांदा चाळीत साठवून भावाची वाट पाहणाऱ्यांना नेमका तेव्हा चार पैसे मिळण्याचा रंग होता. नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांचे लिलाव बंद पडले. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलरची किमान निर्यात किंमत आली, ८ डिसेंबरला सरसकट बंदी. मार्चमध्ये उठेल म्हटलेली बंदी लांबवली. एप्रिलमध्ये गुजरातच्या पांढऱ्या कांद्याच्या दोन हजार टनांना तेवढी वाट मोकळी करून दिली, त्यावर लासलगावात काय बोललं गेलं ते छापण्याजोगं नाही. ४ मे २०२४ ला बंदी उठली, नाशिक-दिंडोरीचं मतदान २० मेला होतं. दिंडोरीत विद्यमान केंद्रीय राज्यमंत्री पडल्या. सप्टेंबरमध्ये, विधानसभेच्या तोंडावर, शुल्क अर्ध्यावर आलं. १ एप्रिल २०२५ ला शून्य झालं. तोवर बांगलादेशसारखं जुनं गिऱ्हाईक स्वतःचा कांदा पिकवू लागलं होतं आणि बाकीची गरज पाकिस्तानकडूनही भागवू लागलं होतं. त्या वर्षी भाव पुन्हा कोसळले.

भाव एक रुपया होता तेव्हा दिल्लीतून एकही अधिसूचना अशा घाईने निघाली नव्हती. भाव वर जाताना सरकार दारात उभं आणि खाली येताना ‘बाजाराचा नियम’. जोखीम सगळी शेतकऱ्याची आणि चांगल्या वर्षाची कमाई मात्र देशाची, असा हा व्यवहार आहे. याला धोरण म्हणणं जड जातं. १९९८ मध्ये कांद्याने दिल्ली राज्याचं सरकार घालवलं, त्या भीतीवर पुढची सगळी सरकारं चालली आहेत, पक्ष कुठलाही असो.

तांदळाचंही तेच. २० जुलै २०२३ ला बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली आणि दोन-तीन दिवसांत अमेरिकेतल्या भारतीय दुकानांत सोना मसुरीच्या गोण्यांसाठी झुंबड उडाली. कुटुंबामागे एक गोणी, असे नियम दुकानदारांनी लावले. आपल्या लोकांच्या त्या व्हिडिओंवर इथे विनोद झाले. पण जगाच्या तांदूळ व्यापारात भारताचा वाटा चाळीस टक्क्यांच्या आसपास आहे. आपण दार लावलं तेव्हा खरी झळ टेक्सासला नाही, आयातीवर जगणाऱ्या पश्चिम आफ्रिकेला बसली. आपली स्वस्ताई तिकडची महागाई होते, आणि तुलनेच्या तक्त्यात हे दोन आकडे शेजारी शेजारी, एकमेकांशी संबंध नसल्यासारखे छापले जातात.

यावर एक आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळता येत नाही. कांदा महागला तर फक्त मलबार हिलवरच्या माणसाला त्रास होत नाही. धारावीतल्या बाईला होतो, मराठवाड्यातल्या भूमिहीन मजुराला होतो. गावातही बहुसंख्य घरं धान्य विकण्यापेक्षा विकत घेणारीच जास्त. मिनिटांचा हिशेब मीच वर मांडला. ज्या बाईला लिटरभर दुधासाठी पंच्याऐंशी मिनिटं लागतात, तिला शेतकऱ्याच्या भल्यासाठी आणखी मिनिटं घाल असं सांगायला मी कोण?

म्हणूनच भाव दाबणं हे हत्यार चुकीचं आहे. ते धारावीला वाचवताना मलबार हिललाही तेवढंच वाचवतं, आणि खर्च मात्र निफाडच्या दोन-तीन एकरवाल्याकडून वसूल करतं. शिवाय दुकानातला भाव आणि शेतातला भाव यांची चाल एकसारखी नसते. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या अभ्यासानुसार गिऱ्हाईक कांद्यावर खर्च करतं त्या रुपयातले शेतकऱ्याला सुमारे ३६ पैसे पोचतात, टोमॅटोत ३३. उरलेले वाहतूक, आडत, नासाडी आणि मधल्यांचे. निर्यातबंदी पडली की सगळ्यात आधी आणि सगळ्यात जोरात आपटतो तो ३६ पैशांचा भाग.

गरिबाला वाचवायची साधनं आपल्याकडे नाहीत असंही नाही. एक्याऐंशी कोटी लोकांना महिन्याला पाच किलो धान्य फुकट मिळतं. ते पैसे तिजोरीतून जातात, अंदाजपत्रकात दिसतात, त्यावर वाद घालता येतो. भाव स्थिरीकरण निधीतून केंद्राने २०२३ मध्ये पाच लाख टन कांद्याचा साठा ठरवला होता आणि शहरांत २५ रुपये किलोने कांदा विकलाही. तो साठा नीट, योग्य भावाने, भाव पडलेले असताना घेतला तर शेतकऱ्यालाही हात मिळतो. जपानने मे महिन्यात केलं ते याच जातीचं. फक्त त्यासाठी पैसे लागतात आणि ते कुणी तरी मंजूर करावे लागतात, त्यावर सही लागते. निर्यातबंदीला पैसे लागत नाहीत. तिचं सगळ्यात मोठं आकर्षण तेच आहे.

ग्राहक व्यवहार विभाग देशभरच्या साडेपाचशेहून अधिक केंद्रांतून रोज डाळ, तेल, कांदा, दुधाचे किरकोळ आणि घाऊक भाव गोळा करतो. त्याच तक्त्यात आणखी दोन रकाने घालायला काही अडचण नसावी: त्या दिवशी शेतकऱ्याच्या पट्टीवर काय पडलं, आणि ती वस्तू घ्यायला रोजगार हमीच्या दराने किती मिनिटं लागतात. पहिला रकाना शहरी माणसाने रोज पाहावा, दुसरा ‘आपल्याकडे किती स्वस्त’ म्हणणाऱ्याने.

आणि यापुढे निर्यातबंदी किंवा शुल्क लावायचंच असेल तर त्याच अधिसूचनेत, त्याच पानावर, आदल्या दिवशीचा बाजारभाव आणि बंदीनंतरचा भाव यांतला फरक सरकार क्विंटलमागे किती रुपयांनी भरून देणार, तो आकडा छापणं बंधनकारक करावं. खर्चाला मंजुरी मिळाल्याशिवाय अधिसूचना निघायची नाही. असा नियम झाल्यावर वर्षाकाठी किती अधिसूचना निघतात, हे मला पाहायचं आहे.